पान अकरावरची फुली

हे कुणी खरं मानणार नाही, पण एका फुलीने एका माणसाची नोकरी वाचवली होती, आणि ती फुली काढणाऱ्या बाईला त्यापायी महिनाभर घास गोड लागला नव्हता. पुरावा हवा असेल तर ‘तडितबाहू’चा तो अंक शोधा. सापडायचा नाही. तो असा खपला, की छापखान्यात नमुना म्हणून ठेवलेली प्रतसुद्धा पहारेकऱ्याने विकून टाकली, आणि गोष्ट अर्धीच वाचून झाली होती म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे चार चौक धावत जाऊन उरलेली पानं त्याच्या खांद्यावरून वाचली.

तडितबाहू म्हणजे सुपरहिरो. दंडातून वीज सोडायची, पाठीवर काळाकुट्ट शेला, आणि शहरात कुठे खुट्ट झालं की स्वारी हजर. वाचक त्याला लाडाने तड्या म्हणत. कॉमिक काळं-पांढरं, रंगाचा विषय निघाला की मालकीणबाईंना ठसका लागायचा. गोष्ट लिहायचा दादा. चित्रं पेन्सिलीने काढून पाठवायचे पेन्सिलकाका. त्यांची कंबर कायमची धरलेली, त्यामुळे ते घराबाहेर पडत नसत; पण हात असा, की त्यांनी वादळ काढलं तर त्या पानावर वजन ठेवावं लागे, नाहीतर टेबलावरचे बाकीचे कागद उडत. छापलेला अंक मात्र ते कधी उघडत नसत. “आत काय छळ केलाय ते बघून कंबर आणखी धरायची,” म्हणत. आणि त्या पेन्सिलीवर शाई चढवायची दादाची धाकटी बहीण. कचेरीत आणि वाचकांत ती शाईताई. दादासाठी मात्र चिंगी, केस पांढरे झाले तरी चिंगीच.

या कामात एक साधी रीत असते. जिथे गच्च काळं भरायचं, तिथे पेन्सिलकाका नुसती बारीक फुली मारून ठेवत. शेल्यावर फुली, काळोख्या गल्लीवर फुली, खलनायकाच्या मिशीवर फुली. सगळं काळं पेन्सिलीने भरत बसले असते तर गावातल्या पेन्सिली पुरल्या नसत्या. शाईताईने फुली दिसली की ब्रश शाईत बुडवायचा, तेवढी जागा भरून टाकायची. फुली काळ्यात बुडून जायची, जन्माला आली होती हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. इतकी वर्षं ती हे करत होती, की घरी वांगी चिरतानाही एखादं काळं वांगं बघून तिला वाटे, हे भरून झालंय.

आता वाचकांचं सांगायला हवं, कारण सगळा उपद्व्याप त्यांचाच. अंक निघाला की पुढच्या रविवारी दुपारी जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते जमत. घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, आणि तोंडाला लगाम नसलेली तीस-चाळीस माणसं. सगळ्यांत पुढे एक दंतवैद्य. नवा अंक हातात पडला की हे गृहस्थ रुग्णाच्या तोंडात कापूस तसाच ठेवून वाचायला बसत. एक माणूस असाच कापसासकट घरी गेला, आणि त्या घरात आठवडाभर अशी शांतता नांदली, की त्याची बायको येऊन दुसऱ्या दाढेसाठी वेळ मागून गेली.

“चित्रं? तोड नाही!” दंतवैद्य उभे राहून सांगत. “तड्या ओरडला की बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात. मी मोजलेत. पण गोष्ट? तिला रूट कॅनॉल करायला झालंय. वरून चकाचक, आत पोकळ!”

“चित्रांचं कौतुक नका सांगू मला,” लिफ्ट दुरुस्त करणारा एक किडकिडीत माणूस मागून ओरडे. “कोपर बघा हो, कोपर! हे कोपर बाहेरच्या बाजूला वळलंय. माझ्या लिफ्टचं दार असं वळलं तर मी तुरुंगात जाईन. आणि शेला या चौकटीत घोट्यापर्यंत, पुढच्या चौकटीत गुडघ्यापर्यंत. मधल्या मध्ये शिंप्याकडे जाऊन आला का?”

“ते राहू द्या रे,” बेकरीवाल्या मावशी म्हणत. “शहर बुडायला आलंय आणि तो खलनायक दोन पानं भाषण ठोकतोय. तेवढ्यात माझा पाव भाजून होतो! अरे बाबा, आधी कळ दाब, मग बोल ना!”

चित्रांवरून असे दोन तट पडत. एकदा तर कोपरावरून भांडण पेटून पंखा आपोआप बंद पडला होता, त्यालाही ऐकवेना. गोष्टीच्या बाबतीत मात्र अख्खी खोली एका सुरात बोले. गोष्ट पिचकी. दादा मागच्या रांगेत बसून हे ऐकायचा. “मला काही फरक पडत नाही,” असं शाईताईच्या कानात सांगायचा आणि तेवढ्या वेळात तीन खुर्च्या बदलायचा.

एका सोमवारी शाईताई कचेरीत पान अकरा घेऊन बसली होती. तिचं टेबल मालकीणबाईंच्या खोलीला लागून, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे शिंक आली तर अलीकडच्याने देवाचं नाव घ्यावं इतकी पातळ. पलीकडे मालकीणबाई फोनवर बोलत होत्या.

“सगळे तेच म्हणतात, गोष्टीत दम नाही. अजून हा एक अंक बघते. नाहीतर दुसरा लेखक आणायचा... हो, हो, माणूस चांगला आहे हो. पण चांगुलपणा छापून विकता येत नाही ना.”

शाईताईचा हात चालू होता, कान भिंतीत घुसले होते. दादाला दुसरं काही येत नव्हतं. मध्ये एकदा तो कुठे हिशेब ठेवायच्या कामाला लागला होता, तर पावत्यांवर संवाद लिहून आला. या वयात त्याला कोण दारात उभं करणार? आणि घरी बसला तर दोन खोल्यांत येरझाऱ्या घालून तो खालच्या मजल्यावर उतरेल, फरशीतून! या असल्या विचारात तिने ब्रश उचलायचा तो टाक उचलला, आणि तड्याच्या शेल्यात काळं भरायच्या ऐवजी नुसती फुलीच गिरवली. सुबक, ठसठशीत, चारी टोकं सारखी. मग खोडरबराने पेन्सिल पुसली आणि पान वाळत ठेवलं.

पान शेवटचं तपासायचं काम दादाचं. दादा फुगे वाचायचा, म्हणजे पात्रांच्या तोंडचे शब्द. चित्र त्याला दोन फुग्यांमधली मोकळी जागा वाटे. त्याने एक उद्गारचिन्ह वाढवलं आणि पान गेलं छापायला.

अंक हातात आला तेव्हा शाईताई पानं उलटता उलटता थबकली. पान अकरावर तडितबाहू पाण्याच्या टाकीवर उभा, पाठीवर पांढराशुभ्र शेला, आणि शेल्यावर मधोमध काळी फुली. जणू कुणी धोबीखुणेसाठी मारली असावी.

“दादा, मी घाण करून ठेवली,” ती घरी येऊन म्हणाली.

दादाने पान जवळ धरलं, लांब धरलं, उलटं धरलं. “हे नेहमी असं नसतं का?”

“दादा! दहाव्या पानावर शेला काळा, बाराव्या पानावर काळा, मध्ये पांढरा!”

“मग रविवारी सांगून टाकू. चुकलं म्हणू. तसेही शिव्या घालतातच, आणखी चार घालतील.”

रविवारी दोघं मान खाली घालून त्या खोलीत शिरले, तर दंतवैद्य खुर्चीवर उभे. खाली नव्हे, वर! हातात अंक, डोळ्यांत पाणी.

“फुली!” ते गरजले. “ही फुली कुणाच्या डोक्यातून निघाली? आम्ही काढायच्या दातावर नकाशात फुलीच मारतो. म्हणजे तड्या जाणार! आणि हे नुसत्या चित्रातून सांगितलंय, एक अक्षर न लिहिता!”

“जाणार काय जाणार?” लिफ्टवाला म्हणाला. “पांढरा शेला म्हणजे त्याने शस्त्रं खाली ठेवली. एवढं मोठं वळण, आणि माझं कोपराकडे लक्षच गेलं नाही!”

“कुणीतरी त्याच्यावर नेम धरलाय,” मावशी कुजबुजल्या. “माझे पावाचे दोन ट्रे करपले या फुलीच्या नादात.”

चाळीस तोंडांतून चाळीस अर्थ निघाले. मग दंतवैद्य मागच्या रांगेकडे वळले. “लेखकमहाशय, हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं ना?”

खोलीभर टाळ्या सुरू झाल्या. दादासाठी आयुष्यात कुणी टाळी वाजवली नव्हती. डास मारतानासुद्धा लोक त्याच्यापासून लांब जाऊन वाजवत. शाईताईने त्याच्या बाहीला हिसका दिला. पण तोपर्यंत तो उभा राहिला होता.

“अर्थात,” दादा म्हणाला. “पुढच्या सभेत उलगडा करीन.”

बस. तेवढ्या एका शब्दाने पुढचा महिना खाऊन टाकला. अंक संपला, पुन्हा छापला, पुन्हा संपला; या गडबडीत पुढचा अंक लांबला, सभा मात्र महिन्याने ठरली. फुलीचे सदरे निघाले. एका शाळेत तर मुलांनी गणिताच्या चुकलेल्या उत्तरांवरच्या फुल्या अभिमानाने मिरवल्या आणि मास्तरांना चुकीची खूण बदलावी लागली. मालकीणबाईंनी दादाला खोलीत बोलावून खुर्ची दिली, जी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

“पुढच्या सभेला मी स्वतः येणार,” त्या म्हणाल्या. “फुलीचा अर्थ वाचकांसमोर तुमच्या तोंडून ऐकायचाय. पटला तर पुढचं अख्खं वर्ष तडितबाहू तुमचा. आणि नुसतीच हवा असेल, तर मी दुसऱ्या लेखकाशी बोलून ठेवलंय, हे लपवत नाही.”

तेव्हापासून दादाचा पाय जमिनीवर ठरेना. दात घासता घासता तो स्वयंपाकघरात यायचा. “चिंगे, असं केलं तर? फुली म्हणजे त्याच्या आईने टाकलेला टाका.”

“टाका शेल्यात घालतात दादा. शेला पांढरा का झाला?”

“धुतला.”

“कुणी?”

“आईने.” मग स्वतःच तोंड वाकडं करून तो बाहेर जायचा आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून गॅलरीत फेऱ्या मारायचा. पुन्हा आत. “फुली म्हणजे नकाशावरची खूण. खजिना!”

“त्याच्या पाठीत?”

“नाही पटत ना? मलाही नाही पटत. अगं, मग त्या दंतवैद्याला काय पटेल!” तो खुर्चीत बसायचा, उठायचा, फ्रिज उघडून आत बघायचा, जणू उलगडा दह्यामागे ठेवलाय. शाईताईची गत वेगळी नव्हती. ब्रशचं टोक चावून चावून तिचे ओठ काळे झाले होते. चूक तिची होती आणि फास भावाच्या गळ्यात पडला होता. दोनदा ती मालकीणबाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आली. सांगावं, तर दादा सगळ्यांसमोर खोटा ठरणार. न सांगावं, तर रविवार येतच होता.

आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पुस्तकांच्या कपाटांवर बसली होती, एक जण तर म्हणे शब्दकोशांच्या रांगेत आडवा झाला होता. मालकीणबाई पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर हात. दादा समोर उभा राहिला. त्याने घसा साफ केला. पाणी प्याला. पुन्हा घसा साफ केला.

“फुली,” तो म्हणाला. “फुली ही एक... तर फुलीचं असं आहे...”

“आम्ही सांगू का?” लिफ्टवाला म्हणाला आणि खोली हसली.

“हसू नका,” दंतवैद्य म्हणाले. “पण माझा एक प्रश्न आधी घ्या. त्याच पानावर तड्या लोकांना सांगतो, पूल मी पाडला. पूल त्याच्या धाकट्या भावाने पाडला हे आम्हाला माहीत आहे. मग तड्या खोटं का बोलला? मला तर ही गोष्टीतली कीड वाटते. फुलीखाली झाकलेली.”

दादाच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. मालकीणबाईंचा हात पर्सच्या चेनकडे गेला, घरी निघायची तयारी असावी तसा. शाईताई उठून उभी राहिली. आपण उभ्या राहिलोय हे तिला उभं राहिल्यावर कळलं.

“दादाचा घसा बसलाय,” ती म्हणाली. “त्याने मला सगळं सांगून ठेवलंय. दादा, तू बस.”

दादा बसला, अंक मांडीवर घेऊन.

“तड्याचा शेला काळा का, हे आजवर कुणी विचारलंय?” शाईताई म्हणाली. पुढचं वाक्य काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. “तो कापडाचा नाहीच. तड्याला वीज लागली ना, त्या रात्रीचा तो तुकडा आहे. रात्रच पाठीला चिकटली. म्हणून तर कधी घोट्यापर्यंत येतो, कधी गुडघ्यापर्यंत. रात्रीसुद्धा लहान-मोठ्या असतात की नाही?”

“अरेच्चा,” लिफ्टवाला पुटपुटला. “मी उगाच तीन वर्षं भांडलो.”

“आणि ती रात्र अशी तशी कुणाच्या पाठीवर टिकत नाही. खरं बोलणाऱ्याच्याच टिकते. चाळीस अंक झाले, तड्या एकदाही खोटं बोललेला नाही. काढा अंक, बघा.”

“चौदाव्या अंकात आईला म्हणाला, जेवून आलोय,” मावशी म्हणाल्या. “आणि आदल्या चौकटीत तर तो उपाशी होता.”

“जेवला होता, मावशी. दोन चौकटींच्या मध्ये.”

हशा पिकला. मालकीणबाईसुद्धा हसल्या. शाईताईच्या तोंडालाही आता ते कळू लागलं होतं, जे तिच्या हाताला नेहमी ठाऊक असे: कुठे थांबायचं, कुठे भरून टाकायचं. ती चालत चालत खुर्च्यांच्या मधोमध आली.

“तो टाकीवर उभा आहे. खाली अख्खं गाव. भाऊ गर्दीत, मान खाली, थरथरतोय. लोक विचारतायत, पूल कुणी पाडला? तड्याने नुसतं खरं सांगायचं, की त्याचा शेला शाबूत, त्याची वीज शाबूत. भाऊ जाईल, एवढंच. त्याने भावाकडे बघितलं. लहानपणी हाच भाऊ याला पाठुंगळी घेऊन... नव्हे, हा त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायचा. तड्या म्हणाला, मी पाडला. शब्द तोंडातून सुटला आणि पाठीवरची रात्र उडाली. फटक्यात! लख्ख पांढरं. आणि वीज जिथून आत शिरली होती, तो जुना व्रण उघडा पडला. ती फुली.”

मावशींनी रुमाल काढला. दंतवैद्यांचं तोंड इतकं उघडं होतं, की त्यांच्याच धंद्यातल्या कुणी हात घातला असता.

“पण बाराव्या पानावर शेला पुन्हा काळा आहे,” ते अडखळत म्हणाले.

“कारण भावाने पुढे येऊन खरं सांगितलं. ते तुम्हाला पुढच्या अंकात कळणार होतं, डॉक्टर. तुम्ही मला आधीच बोलायला लावलंत.”

“चुकलो! चुकलो!” दंतवैद्यांनी कान धरले.

दादा खुर्चीच्या अगदी टोकावर आला होता. महिनाभर वळवळणारे त्याचे पाय आज पहिल्यांदा स्थिर होते. तो केव्हाच वाचक झाला होता. अंक त्याने पान अकरावर उघडला होता आणि बहीण जे जे सांगेल ते बोट फिरवून चित्रात शोधत होता: टाकी, गर्दी, मान खाली घातलेला भाऊ. इतकी वर्षं याच पानांवर तो शब्द लिहीत आला होता; चित्र असं बघायचं त्याला आजच सुचत होतं.

“आणि लक्षात ठेवा,” शाईताईने आवाज खाली आणला, तशी चाळीस डोकी पुढे झुकली. “ही फुली कुणावरही उमटत नाही. जन्मभर खरं बोललेला जीव आपल्या माणसासाठी एकदाच खोटं बोलला, तरच. त्या अख्ख्या शहरात ती एकट्या तड्याच्या पाठीवर आहे. दुसरी कुठेही, कुणाच्याही अंगावर नाही.”

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. पर्स मांडीवरून खाली ठेवली. “हे सगळं तुमच्या दादांनी ठरवलं होतं?”

“पहिल्या अंकापासून,” शाईताई म्हणाली.

“मग यांना बदलायचं म्हणणारी मी कोण?” मालकीणबाई उठल्या. “सगळ्यांसमोर सांगते. पुढचं अख्खं वर्ष...”

“थांबा, थांबा हो!” दादा ओरडला. तो ताडकन उभा राहिला होता, बोट पानावर रुतवून, आणि त्याचा चेहरा नवा अंक हातात आलेल्या दंतवैद्यासारखा पेटला होता. “चिंगे, इथे तुझं जमत नाही! टाकीच्या कडेला हे पांढरं पाखरू बघ. तुम्ही सगळे याला कबूतर समजलात ना? हे कबूतर नाही. मी कावळा लिहिला होता, मला पक्कं आठवतंय, कावळा! आणि याच्याही पाठीवर फुली आहे. आता हा कावळा कुणासाठी खोटं बोलला?”